चढाईचा उंबरठा

शुक्रवारी सकाळी चाचणीच्या अठराव्या मिनिटाला शिवांजली डुबलने हात वर केला आणि ट्रेडमिल थांबली. तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे चौऱ्याऐंशी होते, पाय थरथरत होते आणि कपाळावरच्या पट्टीचा दिवा हिरवा होता. ती दमली होती, पण तिचं डोकं बिघडलं नव्हतं, आणि यंत्राला तेवढंच हवं होतं. निकाल त्याच क्षणी राज्य कबड्डी संघटनेच्या संगणकावर उमटला: खेळण्यास योग्य.

कराडच्या क्रीडा केंद्रात ते यंत्र चालवणारा तंत्रज्ञ तिचा धाकटा भाऊ हर्षद होता. भावाने बहिणीची चाचणी घ्यावी का, हा प्रश्न चार वर्षांपूर्वीच एका परिपत्रकाने मिटवला होता. निकाल यंत्र देतं, माणूस फक्त पट्टी बांधतो, म्हणून नात्याचा संबंध येत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

“तोंड का पाडलंस?” टॉवेलने मान पुसत शिवांजली म्हणाली. “तुझं यंत्र खूश आहे माझ्यावर.”

“मी पण आहे, आक्का,” हर्षद म्हणाला. त्याचं लक्ष पडद्यावरच्या आकड्यांकडे होतं.

अकरा दिवसांपूर्वी फलटणच्या सराव सामन्यात चढाई करताना तिचा घोटा पकडला गेला, ती तोंडावर पडली आणि उजव्या कोपऱ्यातल्या खेळाडूचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती लगेच उठली, अंग झटकलं आणि सरळ चालत जाऊन समोरच्या संघाच्या बाकावर बसली. त्या मुली हसल्या. मग त्यांच्यातली एक हसायची थांबली आणि तिने पंचांना हाक मारली.

मेंदूला असा हादरा बसला की स्कॅनमध्ये बहुतेक वेळा काही दिसत नाही. बिघडतं ते नियंत्रण. धावताना हृदय जोरात रक्त ढकलतं, तेव्हा मेंदूकडे किती जाऊ द्यायचं हे शरीर क्षणाक्षणाला ठरवत असतं. हादऱ्यानंतर ते ठरवणं ढिलं पडतं. माणूस बसून असतो तोवर ठीक असतो. श्रम वाढले की ठोक्यांच्या एका ठराविक आकड्याला डोकं ठणकायला लागतं, समोरचं अंधुक होतं. त्या आकड्याला केंद्रात उंबरठा म्हणत. रोज उंबरठ्याच्या खाली राहून थोडं चालायचं, म्हणजे तो हळूहळू वर सरकतो. ज्या दिवशी माणूस पूर्ण दमेपर्यंत धावतो आणि उंबरठा लागतच नाही, त्या दिवशी तो बरा झाला असं धरतात.

पूर्वी या चाचणीत खेळाडूला दर मिनिटाला विचारायचे, डोकं कसं आहे. सामना तोंडावर आलेला खेळाडू काय सांगणार? म्हणून पट्टी आली. कपाळातून प्रकाशाचा बारीक झोत आत सोडून ती मेंदूतल्या रक्ताचा चढउतार मोजते. कुणालाही काही विचारत नाही.

शिवांजलीचा उंबरठा तिसऱ्या दिवशी एकशे अठ्ठावीस होता, मंगळवारी एकशे एक्केचाळीस. शुक्रवारी तो नाहीसाच झाला. हर्षदने केंद्रातल्या चार हजारांवर जुन्या नोंदी चाळल्या. एकशे एक्केचाळीसवरून तीन दिवसांत मोकळा झालेला एकही माणूस त्यात नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत त्याने मंगळवारचं आणि शुक्रवारचं चित्रण शेजारी शेजारी लावलं. चालणं तेच, हात तसेच. मग त्याने आवाज वाढवला. मंगळवारी ती कुणीही धावताना घेतं तसा श्वास घेत होती. शुक्रवारी पहिल्या मिनिटापासून नाकाने एक छोटा श्वास आत आणि तोंडाने दोन झटक्यांत लांब बाहेर, असं चाललं होतं. अठरा मिनिटं, एकदाही न चुकता.

ही लय त्याला ऐकून माहीत नव्हती, ती त्याच्या छातीत होती. त्यांचे वडील जालिंदर डुबल, सगळ्या तालुक्याचे आबा, कबड्डीचे प्रशिक्षक. दोन्ही मुलांना त्यांनी कोयनेच्या पाण्यात बुडी मारायला लावून दम शिकवला होता. बुडीआधी हा श्वास बारा वेळा घ्यायचा. आबा त्याला भाता म्हणत. भाता मारला की दम लांबतो, हे तालुक्यातली प्रत्येक चढाईपटू जाणत होती. तो का लांबतो, हे हर्षद नोकरीला लागल्यावर शिकला. जोरजोरात श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. तो घटला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येतं.

म्हणजे पट्टीला मेंदू शांत दिसला, कारण शिवांजलीने अठरा मिनिटं वाहिन्या आवळून धरल्या होत्या.

आणि कबड्डीच्या चढाईत श्वास घ्यायचाच नसतो. तीस सेकंद अखंड ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत पळायचं, वाकायचं, झोंबायचं. कार्बन डायऑक्साइड साठत जातो, वाहिन्या सताड उघडतात. यंत्राचे निकष ठरवताना धावपटू घेतले होते, फुटबॉल आणि हॉकीचे खेळाडू घेतले होते. श्रम करताना ते सगळे श्वास घेतात. श्वास कोंडून खेळणारं त्यांत कुणी नव्हतं.

केंद्रप्रमुख डॉक्टर नसीमा मुजावर यांनी त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, चित्रण दोनदा पाहिलं. तर्क बरोबर असावा, त्या म्हणाल्या, पण तर्काने हिरवा निकाल मागे येत नाही. तंत्रज्ञांवर दबाव येतो म्हणून निकाल मागे घेण्याची सोयच काढून टाकली होती. उरला होता एक अर्ज, शंका नोंदवण्याचा. तो दाखल झाला की खेळाडू सात दिवस बाहेर. यंत्राला फसवल्याचं ठरलं तर दोन वर्षं बंदी. खेळाडूने स्वतः सही केली तर मात्र त्या स्वतःच्या अधिकारात जादा चाचणी घेऊ शकत होत्या.

“सही आण,” डॉक्टर म्हणाल्या. “नाहीतर आकडा आण. ऐकू आलेल्या श्वासावर मी कुणाचं आयुष्य थांबवणार नाही.”

आयुष्य हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता. राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना रविवारी कराडलाच होता आणि एका सरकारी दलाचे निवडकर्ते त्यातून दोन चढाईपटू कायम नोकरीवर घेणार होते. वयाची अट अठ्ठावीसच्या आत. शिवांजलीला पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला अठ्ठावीस वर्षं पूर्ण होत होती.

शनिवारी चार वाजता शाळेच्या मागच्या मॅटवर संघाचा शेवटचा सराव चालू होता. आबा कडेला खुर्ची टाकून टाळ्यांवर चढाईचे सेकंद मोजत होते. बावीसपर्यंत त्यांचा आकडा पक्का असायचा. पुढे कधी तेवीस यायचं, कधी पुन्हा बावीस. मुली आपापला आकडा मनात धरायच्या आणि आबांना कुणी काही म्हणायचं नाही. तरुणपणी त्यांनी डोक्यावर किती मार खाल्ला याला गणती नव्हती. तोंडावर पाणी मारायचं आणि पुन्हा आत जायचं, ही तेव्हाची रीत. आकडा अडायला लागला तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, तरी घरात त्याला वय झालं असंच म्हणत. त्याला आता सोळा वर्षं झाली होती.

हर्षदने बहिणीला बाजूला बोलावलं. ती आली नाही. जे असेल ते इथेच बोल म्हणाली. मग त्याने सगळ्यांसमोर विचारलं की शुक्रवारी भाता मारत होतीस का.

“मारत होते. मग?” ती म्हणाली. “मंगळवारी डोकं जड झालं तर आबा म्हणाले, भाता मार, हलकं होईल. झालं हलकं.”

“म्हणूनच पट्टी हिरवी झाली.”

“म्हणजे मी खोटं केलं?”

“नाही. तुझं डोकं खरंच दुखलं नाही. भाता चालू आहे तोवर दुखणार पण नाही. पण चढाईत भाता बंद असतो, आक्का. तिथं तिसाव्या सेकंदाला काय होतं ते कुणीच बघितलेलं नाही.”

शिवांजलीने संघाकडे वळून पाहिलं. “चौदा सेकंदांत ज्याचा दम तुटायचा, तो आज चढाई शिकवायला आलाय,” ती म्हणाली. मुली हसल्या. हर्षदने डॉक्टरांचा जादा चाचणीचा कागद पुढे केला. तिने तो न वाचता परत दिला.

आबांनी विचारलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. आकडा आण म्हणाल्या, असं हर्षदने सांगितलं.

“मग हाय का आकडा?”

“नाही.”

“मग पोरीचा सराव मोडू नकोस. घरला जा.”

शिवांजली त्या रात्री संघासोबत मुक्कामाला होती. घरी बापलेक दोघंच जेवायला बसले. आबांनी ताटाकडे बघतच विचारलं, समजा उद्या दुसरा मार बसला तर काय होतं. हर्षदने माहिती होतं तेवढं सांगितलं. पहिला हादरा भरून आलेला नसताना दुसरा बसला तर कधीकधी मेंदूला सूज येते, मिनिटांत. तसा माणूस क्वचितच मॅटवरून उठतो.

“आन् उठतो त्यो?”

हर्षदने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटात ठेवला. आबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग हात धुवायला उठले.

रविवारी तीन वाजून पंचवीस मिनिटांनी हर्षद मैदानाच्या मागच्या बाजूला गेला. तिथे तंबूत सरावाची मॅट अंथरली होती. त्याच्या डब्याच्या पिशवीत केंद्रातली पट्टी होती. ती बाहेर न्यायची परवानगी त्याने मागितली नव्हती, कारण मिळाली नसती. खिशातल्या फोनवर शंकेचा अर्ज भरून तयार होता. खेळाडूंची यादी चार वाजता बंद होणार होती.

शिवांजली धावून अंग तापवत होती. आबा कडेच्या जाहिरातीच्या बोर्डाला टेकून उभे होते. हर्षदने फोनचा पडदा तिच्यासमोर धरला. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं.

“पाठवणारेस?”

“तीन पन्नासला.”

“दोन वर्षं. सख्ख्या बहिणीला.”

“हो.”

“मग पाठव की आत्ताच. वाट कसली बघतोस?”

त्याने पिशवीतून पट्टी काढली. एक चढाई, तो म्हणाला. अंगाला कुणी हात लावणार नाही. भाता आधी हवा तेवढा मार. तीस सेकंद ही हिरवी राहिली तर अर्ज तुझ्यादेखत पुसतो आणि प्रेक्षकांत जाऊन बसतो. नाही राहिली तर तू स्वतः जाऊन नाव काढायचं, म्हणजे बंदीचा प्रश्न येत नाही.

तिने मान हलवली. सामन्याआधी दम वाया घालवणार नाही, ती म्हणाली, आणि पुन्हा धावायला वळली.

“शिवे,” आबा म्हणाले. “एक चढाई मार. मी मोजतो.”

ती थांबली. आबा भावाच्या बाजूने बोलतील असं तिला वाटलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग हर्षदकडे न बघता कपाळ पुढे केलं. त्याने पट्टी बांधली. तिचा दिवा बांधणाऱ्याला आणि समोरच्याला दिसतो, जिच्या कपाळावर असते तिला नाही.

तिने बारा भाते मारले. शेवटचा श्वास भरला, मध्यरेषा ओलांडली आणि दम सुरू झाला.

“एक,” आबांनी टाळी वाजवली. “दोन.”

हर्षदच्या फोनवर विश्रांतीच्या वेळचं रक्त शंभर धरलं होतं. आकडा एक्क्याण्णव होता. भात्याचा परिणाम. ती डाव्या कोपऱ्याकडे झेपावली, चढाईत ओलांडावीच लागते ती निदान रेषा ओलांडली, रिकाम्या जागेतल्या न दिसणाऱ्या हाताला चुकवून वळली. सातव्या सेकंदाला ब्याण्णव, दहाव्याला पंच्याण्णव. आवाज खणखणीत. तिने मागच्या बोनस रेषेपलीकडे पाय टाकला. बाराव्या सेकंदाला शंभर. तेरा, चौदा. हर्षदच्या मनात आलं की आपण चुकलो, आणि त्याला बरं वाटलं.

सोळाव्या सेकंदाला आकडा एकशे चौदा झाला. एकोणिसाव्याला एकशे पंचवीस, दिवा पिवळा. विसाव्याला एकशे छत्तीस. एकविसाव्या सेकंदाला तिच्या कपाळावर लाल दिवा लागला, आणि ती उजवीकडे तसंच वाकून, त्याच आवाजात म्हणत होती, कबड्डी, कबड्डी. हर्षदला ओरडायचं होतं. पण बोली तीस सेकंदांची होती. मध्येच थांबवलं असतं तर तिने कधीच मानलं नसतं.

“बावीस,” आबा म्हणाले.

तिचा आवाज पातळ झाला. ती माघारी वळली आणि मध्यरेषेकडे निघाली. तीन पावलं टाकायची होती, तिने पाच टाकली.

“बावीस,” आबा पुन्हा म्हणाले.

दम तुटला. त्याच क्षणी तिने अंग झोकून दिलं आणि हात लांब करून मॅटवर आपटला. हात मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे पडला होता.

“पोचले,” ती धापा टाकत म्हणाली. “लाईन धरली मी. बघ.”

आबा गुडघे धरत खाली बसले. त्यांनी तिचं मनगट उचललं, वीतभर पुढे नेलं आणि खऱ्या रेषेवर ठेवलं. शिवांजलीने आपल्या हाताखालची पांढरी रेघ बघितली, आधी हात पडला होता ती जागा बघितली. तिचे डोळे दोन्हींच्या मध्ये जात येत राहिले.

“मला तिथं दिसली होती,” ती म्हणाली.

तीन वाजून शेहेचाळीस मिनिटांनी ती उठली. चालताना तिने आबांचा खांदा धरला होता. संघ व्यवस्थापकाला तिने सांगितलं की डोकं बरं नाही, नाव काढा. हर्षदने अर्ज पुसला. तसं तिला दाखवायला तो फोन घेऊन पुढे गेला, पण तिने बघितलं नाही.

कराडने सामना एकतीस-चौतीस असा गमावला. निवडकर्त्यांनी विजयी संघातल्या दोन मुली घेतल्या. त्यांच्यातली एक शिवांजलीपेक्षा हळू होती, हे मॅटच्या आसपास असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पट्टी विनापरवाना बाहेर नेली म्हणून हर्षद पंधरा दिवसांसाठी निलंबित झाला. डॉक्टर मुजावर यांनी ती कारवाई स्वतः केली आणि त्याच दिवशी त्याने आणलेला आकडा, एकोणिसावा सेकंद, यंत्र बनवणाऱ्यांना लेखी कळवला. चार दिवस उत्तर नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं की चढाई म्हणजे नेमकं काय.

नऊ दिवसांनंतर, मंगळवारी सकाळी, शिवांजली पुन्हा ट्रेडमिलवर होती. या वेळी यंत्र डॉक्टर चालवत होत्या. साध्या श्वासावर उंबरठा एकशे अडतीसला लागला होता. त्याच्या खाली राहून रोज पंचवीस मिनिटं चालायचं, असं ठरलं. रविवारपासून ती हर्षदशी कामापुरतंच बोलत होती. आज त्याला बरोबर येऊ दिलं होतं, एवढंच. तो भिंतीशी बाकावर बसला होता, शेजारी आबा. समोर घड्याळ होतं, तरी मिनिटं आबाच मोजत होते, दर मिनिटाला एक टाळी.

“एकवीस,” आबा म्हणाले.

पट्टा फिरत राहिला. ठोके एकशे सव्वीस, दिवा हिरवा.

“बावीस.”

तिचा श्वास साधा होता, आत आणि बाहेर सारखा. घड्याळाचा काटा पूर्ण फिरून वर आला.

“बावीस,” आबा म्हणाले.

हर्षदने सवयीने मान खाली घातली.

“तेवीस, आबा,” शिवांजली म्हणाली.

तिने चालणं थांबवलं नाही, मागेही बघितलं नाही. आबांचे हात टाळीसाठी उचललेले तसेच राहिले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, हर्षदकडे बघितलं. हर्षदने या वेळी नजर वळवली नाही.

“तेवीस,” आबा सावकाश म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी डॉक्टरांना विचारलं, ती पट्टी म्हाताऱ्याच्या डोक्याला बसंल का. बसेल, डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी कपाटातून दुसरी काढली.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हर्षदच्या हातात दिली.